नांगर कोणी मागितला होता?



गिऱ्हाईक मागेल तसा धंदा वाढतो, हे वाक्य आम्ही पुष्कळ वर्षे फळ्यावर लिहीत आलो. एके दिवशी मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, मग किर्लोस्करांचा लोखंडी नांगर कोणी मागितला होता?" आम्ही खडू खाली ठेवला. उत्तर आमच्यापाशी नव्हते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे आमच्यासारखेच शिक्षक. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ पासून धरतो, तो आपल्या या बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून. परंतु सायकल ही त्या वेळी मूठभर सुखवस्तूंची चैन. शेतकरी मात्र चहूकडे. त्याची जनावरे कडब्याचा पाला खाऊन बुडखे टाकीत, म्हणून कडबा कापण्याचे यंत्र निघाले. ही गरज डोळ्यांना दिसत होती.

नांगराचे तसे नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. तोंडाने कोणी मागत नव्हते. मागत होते ते हरळी माजलेले रान आणि लाकडी नांगराला जुंपून दमलेले बैल. तरीही दोन वर्षे पदरचा पैसा लोखंडात अडकवून बसणे, हे सांगायला सोपे आहे. त्यात दुकान बुडाले असते, तर त्याच नांगराला आज आपण हट्ट म्हटले असते.

१९१० साली बेळगावातील जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला, तीच किर्लोस्करवाडी. पुढे उसाचे चरक आले, १९२६ साली पाण्याचे पंप आले. पंप घेतला की तो चालवायला काही तरी हवे. १९४६ साली पुण्यात तेलावरची इंजिने व बंगळूरला विजेची यंत्रसामग्री, यांच्या कंपन्या निघाल्या. वस्तू बदलत गेल्या, दारात उभा राहणारा बहुधा तोच शेतकरी. सर्वत्र मात्र तसे नाही: हरिहरला १९४१ साली निघालेल्या कारखान्याचे लेथ शेतासाठी नव्हते, दुसऱ्या कारखान्यांसाठी होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला सांगितले, "नांगर हरळीने मागितला होता."

तो म्हणाला, "पण सर, पैसे हरळीने दिले नाहीत ना?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि फळ्यावरचे ते जुने वाक्य पुसून टाकले.