रॉन पॉल : अर्ध्या स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता



निवडून येण्याची सुतराम शक्यता नसताना अध्यक्षपदासाठी तीनदा उभ्या राहणाऱ्या माणसाकडे अमेरिकेतील राजकीय पंडित सहसा विनोदाचा विषय म्हणूनच पाहतात. टेक्सासचे रॉन पॉल यांची आरंभी अशीच उपेक्षा झाली. १९८८ साली ते लिबर्टेरियन पक्षाचे, म्हणजे व्यक्तीच्या व्यवहारात राज्यसंस्थेने जवळजवळ हातच घालू नये असे मानणाऱ्या पक्षाचे, उमेदवार होते. त्यांना अर्धा टक्काही मते पडली नाहीत. पुढे २००८ आणि २०१२ साली त्यांनी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागितली. ती मिळाली नाही. परंतु २०१२ च्या प्राथमिक फेऱ्यांत वीस लाखांहून अधिक लोकांनी या शहात्तर वर्षांच्या वृद्धाला मत दिले, आणि त्यांत तरुणांचा भरणा लक्षणीय होता. हे कसे घडले, याचा विचार समाजवाद्यांनी तरी थट्टेवारी न नेता केला पाहिजे.

पॉल व्यवसायाने प्रसूतितज्ज्ञ. चार हजारांवर बाळंतपणे त्यांनी केली. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले, आणि त्या निर्णयाच्या संतापातून आपण राजकारणात आलो असे ते सांगत. भाषणात आवेश नाही, वेशात डौल नाही. मात्र मतदानात विलक्षण सातत्य. २००१ साली नागरिकांवर पाळत ठेवण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणाऱ्या पेट्रियट कायद्याच्या विरोधात प्रतिनिधिगृहातील केवळ तीन रिपब्लिकन सदस्यांनी मत दिले. पॉल त्यांतले एक. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवरील युद्धाला संमती देण्याचा ठराव आला तेव्हा विरोध करणारे रिपब्लिकन सहा होते. त्यांतही पॉल होतेच. त्याच ठरावाला सिनेटमधील ५० डेमोक्रॅट सदस्यांपैकी २९ जणांनी अनुकूल मत दिले होते, हेही ध्यानात ठेवावे.

मे २००७ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील वादसभेत पॉल यांनी सांगितले की, अमेरिकेने दहा वर्षे इराकवर बॉम्ब टाकले, परक्या भूमीवर तळ उभारले, आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यामागे याची प्रतिक्रिया आहे. न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी यांनी हे शब्द मागे घेण्याची मागणी केली; सभागृहाने टाळ्या वाजवल्या त्या जुलियानींसाठी. पॉल यांनी शब्द मागे घेतले नाहीत. त्याच वर्षी १६ डिसेंबरला, बॉस्टनमधील चहाच्या बंडाच्या स्मृतिदिनी, त्यांच्या समर्थकांनी एका दिवसात साठ लाख डॉलर जमवले. त्यांत मोठा वाटा सामान्य माणसांच्या छोट्या देणग्यांचा होता. प्रत्यक्ष सैन्यात असलेल्यांकडून मिळालेल्या देणग्यांतही ते २०१२ साली अन्य रिपब्लिकन उमेदवारांच्या पुढे होते. मादक द्रव्यांविरुद्धच्या मोहिमेचा बडगा काळ्या आणि गरीब माणसांवरच पडतो, हे त्यांनी रिपब्लिकन व्यासपीठावरून सांगितले. २००८ साली बुडत्या बँकांना ७०० अब्ज डॉलरचा आधार देण्यासही त्यांनी विरोध केला. जे इतरांनी बोलायला हवे होते ते हा माणूस बोलत होता. त्यांच्या आकर्षणाचे रहस्य एवढेच.

आता दुसरी बाजू. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला चाळीस वर्षे झाली म्हणून २००४ साली प्रतिनिधिगृहात गौरवाचा ठराव आला. त्याच्या विरोधात एकच मत पडले, आणि ते पॉल यांचे होते. वंशभेद लादणारे सरकारी कायदे त्यांना मान्य नव्हतेच. परंतु खाजगी उपाहारगृहाच्या मालकाने कोणाला आत घ्यावे हे सरकारने ठरवणे म्हणजे मालमत्तेच्या हक्कावर आक्रमण, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादाचे उत्तर समाजवादी चळवळीच्या इतिहासातच आहे. मे १९६४ मध्ये, हा कायदा संमत होण्यापूर्वी काही आठवडे, डॉ. राममनोहर लोहिया मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे एका उपाहारगृहाच्या दाराशी गेले. गोऱ्यांखेरीज कोणास प्रवेश नव्हता. लोहिया हटले नाहीत. तेव्हा पोलिसांनी त्यांना गाडीत घालून नेले. दार खाजगी मालकाचे होते, पण ते बंद ठेवणारा हात सरकारचा होता. मालकाची मनाई आणि सरकारची सक्ती या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे पॉल यांचे गृहीतक त्या दारात कोसळते. दुकाने, उपाहारगृहे यांच्या प्रवेशात जातिधर्मावरून भेद करण्यास मनाई करणारे कलम भारतीय राज्यघटनेत आले ते याच जाणिवेतून.

सप्टेंबर २०११ मध्ये टँपा येथील वादसभेत पॉल यांना विचारण्यात आले : तिशीतल्या एका माणसाने विमा घेतला नाही आणि तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोचला, तर खर्च कोणी करावा? स्वतःचा धोका स्वतः पत्करणे हेच स्वातंत्र्य, असे त्यांनी उत्तर दिले. मग त्याला मरू द्यावे काय, असे विचारताच प्रेक्षकांतून काही होकारार्थी आरोळ्या उठल्या. पॉल तसे म्हणाले नाहीत. शेजारी, मित्र, चर्च मदतीला येतील, असे ते म्हणाले. डॉक्टर म्हणून त्यांचा दयाभाव खरा असेल. पण दया ही देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. हक्क तसा नसतो.

सोन्याच्या नाण्याचे त्यांचे स्वप्नही असेच एकांगी आहे. चलनवाढीने गरिबाची बचत झिजते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोन्याशी जखडलेल्या चलनामुळे धान्याचे भाव पडत गेले, कर्जाचा बोजा मात्र वाढत गेला, आणि त्याविरुद्ध अमेरिकेचेच शेतकरी पेटून उठले होते. सोने सावकाराला अभय देते, ऋणकोला नव्हे. शिवाय त्यांच्या नावाने निघणाऱ्या जुन्या वार्तापत्रांत काळ्या लोकांविषयी विषारी मजकूर छापला गेला होता. तो आपण लिहिला नाही, असा खुलासा त्यांनी केला; पण नाव त्यांचे होते, आणि स्वतःच्या नावाने काय छापले जाते याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न वैयक्तिक जबाबदारीच्या या उपासकाला चुकवता येण्यासारखा नव्हता.

पॉल यांना बंदूक घेतलेला सत्ताधारी दिसला. भाकरी आणि औषध हाती ठेवून बसलेला सत्ताधारी दिसला नाही. म्हणून त्यांचे स्वातंत्र्य अर्धे राहिले. परंतु त्या अर्ध्या स्वातंत्र्यामागे लाखो तरुण धावले, याचा दोष त्या तरुणांना देऊन भागणार नाही. युद्ध, पाळत आणि तुरुंग यांविरुद्ध बोलण्याची जागा डाव्यांनीच रिकामी ठेवली, तर तेथे असा एखादा प्रामाणिक एकांगी माणूस उभा राहणारच. आणि त्याच्या हाती हात देणारा तरुण रुग्णालयाच्या दारापर्यंत जाऊन तेथे एकटाच उरणार.