गाळप वाढलं, फिल्टरचं काय?

नगर जिल्ह्यात एखाद्या साखर कारखान्याची मोठाई सांगायची झाली की माणूस आधी गाळप सांगतो. अमका कारखाना दिवसाला पाच हजार टनांचा, तमका आता साडेसात हजारांवर गेला. 1950-51 च्या हंगामात लोणीजवळ प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या जिद्दीतून आणि धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं, सहकारी कारखान्याची चाकं फिरली. पुढं कोपरगाव, संगमनेर, राहुरी, सोनई, भेंडे, श्रीगोंदा असे कारखाने उभे राहिले. मिला वाढल्या, बॉयलर वाढले, वीजनिर्मिती आली, आसवन्या आल्या. या सगळ्या वाढीत ज्याचं नाव सभासदाच्या तोंडी कधी येत नाही, ते म्हणजे फिल्टर. घाण काढायचं यंत्र, एवढीच त्याची ओळख. माझं म्हणणं असं, की फिल्टर हे कारखान्यातलं पैशाचं ठिकाण आहे, आणि त्याला मागं ठेवून केलेली क्षमतावाढ अर्धवट राहते.

मिलमधून निघालेला रस गढूळ असतो. त्यात माती असते, मेण असतं, उसाचे बारीक तंतू असतात. तो सुमारे सत्तर अंशांपर्यंत तापवून त्यात चुन्याचं दूध आणि गंधकाचा धूर सोडतात. मग पुन्हा शंभराच्या थोडं वर तापवून क्लॅरिफायरमध्ये संथ ठेवतात. चुना रसातल्या फॉस्फेटशी संयोग पावतो, त्याचे कण घाणीला कवेत घेऊन तळाशी बसतात आणि वरचा निवळ रस बाष्पीभवनाकडे जातो. तळाच्या गाळात मात्र भरपूर रस अडकलेला असतो, आणि रस म्हणजे साखर. तो सोडवण्याचं काम फिरत्या ड्रमच्या व्हॅक्यूम फिल्टरचं. आपल्याकडं त्याला सर्रास ‘ऑलिव्हर’ म्हणतात. ऑलिव्हर नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं तो विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींसाठी काढला. खडकाच्या गाळातून सोनं सोडवण्याची ही युक्ती पुढं उसाच्या गाळाला लागू पडली, आणि माझ्या मते तिचं मोल इथंही काही कमी नाही.

हा ड्रम जवळून पाहण्यासारखा असतो. आडवा, गाळाच्या हौदात अर्धामुर्धा बुडालेला आणि इतका सावकाश फिरणारा, की क्षणभर बंद पडलाय असं वाटावं. अंगावर बारीक भोकांची जाळी, आतून हवेची ओढ. गंमत अशी, की जाळीची भोकं गाळाच्या पुष्कळशा कणांपेक्षा मोठी असतात. म्हणजे खरं गाळण्याचं काम जाळी करतच नाही. गाळात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, बारीक भुसा, ज्याला कारखान्यात बगॅसिलो म्हणतात, तो मिसळलेला असतो. आधी हलकी ओढ देऊन या भुशाचा आणि गाळाचा थर जाळीवर बसू द्यायचा. तो बसला की तोच गाळणी होतो, आणि मग ओढ वाढवायची. वरून गरम पाण्याचे फवारे थरातली गोडी धुऊन काढतात. ड्रम पुढं फिरला की पातं हा थर खरवडतं आणि हा काळपट गाळ, म्हणजेच प्रेसमड, पट्ट्यावर पडतो. भुसा कमी पडला, ओढ ढिली झाली, थराला भेगा गेल्या, की पाणी भेगेतून सरळ निघून जातं आणि साखर प्रेसमडमध्ये राहते. थर नीट बसला नाही तर उलटंही होतं. फिल्टरचा गढूळ रस पुन्हा कच्च्या रसात परततो, तीच घाण क्लॅरिफायरमध्ये फेऱ्या मारत राहते, आणि तेवढा वेळ गरम रसातली साखर फुटत राहते.

आता हिशेब करू. समजा पाच हजार टनांचं गाळप आहे आणि प्रेसमड उसाच्या चार टक्के, म्हणजे दिवसाला दोनशे टन निघतो. त्यात दोन टक्के साखर राहिली तर चार टन गेली, चार टक्के राहिली तर आठ टन. फरक रोजचा चार टनांचा. ती सगळी पोत्यात पडली असती असं नाही, काही मळीत गेलीच असती. सव्वातीनच्या आसपास, 3.2 टन धरू. एकशेवीस दिवसांच्या हंगामात 384 टन झाली. केंद्रानं 2019 मध्ये ठरवलेल्या किलोला 31 रुपये या किमान विक्री दरानं ती 1 कोटी 19 लाखांची होते. उताऱ्याच्या, म्हणजे उसाच्या शेकडा मिळालेल्या साखरेच्या, भाषेत हा फरक साधारण 0.064 टक्के. 2024-25 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यावर क्विंटलमागे 340 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, होती आणि वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये. म्हणजे त्या पायरीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग फिल्टरवरच मिळतो किंवा जातो.

यावर जाणकार म्हणतील, फिल्टरची गळती ती केवढी? मोठा घाटा तर मळीत होतो. आकड्यानं ते बरोबर आहे. पण मळीतली साखर कारखान्यातच राहते. आसवनीत जाते, अल्कोहोल होते, इथेनॉल म्हणून विकली जाते. बगॅसमधली निदान बॉयलरमध्ये जळून थोडी ऊब देते. प्रेसमडमधली खताच्या ढिगावर जिवाणूंच्या पोटात जाते. आता प्रेसमडपासून बायोगॅस करतात, मग ती साखर कामी आलीच की, असंही कुणी म्हणेल. गॅस जरूर करावा, पण त्यासाठी प्रेसमडमधलं मेण, तंतू आणि बाकीचे सेंद्रिय पदार्थ पुरेसे आहेत. एकतीस रुपयांची साखर जाळीतून सुटली म्हणून तिचा गॅस करणं हा व्यवहार नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मग फवारे वाढवा, थर धुऊन काढा, संपलं. तसं संपत नाही. जास्तीचं प्रत्येक टन पाणी शेवटी वाफ करून उडवावं लागतं, आणि वाफ म्हणजे बगॅस, म्हणजेच विकता आली असती अशी वीज. शिवाय फार धुतलं की गाळात अडकून पडलेली अशुद्ध द्रव्यंही विरघळून रसात परत येतात, आणि ती स्फटिक होऊ पाहणाऱ्या साखरेला मळीत ओढून नेतात. म्हणून फिल्टरवर पाण्याची एक मर्यादा असते. ती ठरते पुरेशा ड्रमांनी, बेताच्या फिरण्यानं, भुशाच्या योग्य प्रमाणानं आणि पाळीगणिक नमुना तपासणाऱ्या प्रयोगशाळेनं. पाण्याचा नळ त्यांची जागा घेऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट आजची आहे. तोडणीला मजूर मिळेनात म्हणून हार्वेस्टर वाढले. यंत्र उसाबरोबर पाचट आणि माती उचलतं. आपल्या काळ्या रानात अवकाळी पाऊस पडला की चिखलासकट ऊस गव्हाणीत येतो. गाळप तेवढंच राहिलं तरी गाळ वाढतो. जुन्या मापाच्या फिल्टरवर तो भार टाकला की ड्रम जोरात फिरवावा लागतो, थर ओला सुटतो आणि पोल, म्हणजे प्रेसमडमध्ये राहिलेली साखर, चढते. मिल वाढवताना फिल्टरचं क्षेत्र त्याच प्रमाणात वाढवलं, तरी अशा उसाला ते अपुरं पडू शकतं.

हंगाम संपल्यावर वार्षिक सभा भरतात. अहवालात गाळप असतं, उतारा असतो, पोती असतात. प्रयोगशाळेच्या वहीत आणखी दोन आकडे रोज लिहिलेले असतात. उसाच्या शेकडा किती प्रेसमड निघाला, आणि त्यात पोल किती होती. सभासदांनी ते मागावेत आणि गेल्या पाच हंगामांशी ताडून पाहावेत.