रक्ताला मानवणारे अस्तर



बोट कापले की थोड्या वेळात रक्त गोठते व जखम बंद होते. तेच रक्त आपल्या रक्तवाहिन्यांतून जन्मभर वाहते, पण गोठत नाही. याचे मुख्य कारण म्हणजे रक्तवाहिनीच्या आत असलेले पेशींचे एकपदरी अस्तर. या पेशी रक्ताला गोठू देत नाहीत. माणसाने बनवलेल्या नळीला असे अस्तर नसते. रक्त तिला जखम समजते आणि तिच्यावर गुठळी धरू लागते.

१९५२ मध्ये अमेरिकेतील डॉ. आर्थर व्हूरहीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी विन्यॉन-एन नावाच्या कापडाच्या नळ्या कुत्र्यांच्या महारोहिणीत बसवल्याचे प्रसिद्ध केले. पुढे ह्यूस्टनच्या डॉ. मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉनच्या नळ्या वापरात आणल्या. डेक्रॉन म्हणजे शर्टाचे टेरिलीनच! कापडातून रक्त झिरपे, म्हणून सर्जन नळी आधी रुग्णाच्याच रक्तात भिजवून छिद्रे बुजवीत. नंतर जिलेटिन किंवा कोलॅजेनचा लेप दिलेल्या नळ्या तयार मिळू लागल्या. काही नळ्यांच्या आतील बाजूस रक्त गोठू न देणारे हेपारिन पक्के बसवतात. तरीही सहा मिलिमीटरहून बारीक कृत्रिम नळी बंद पडण्याची भीती फार. म्हणूनच हृदयाच्या बायपाससाठी आजही सहसा रुग्णाच्याच पायातील किंवा छातीतील रक्तवाहिनी घेतात.

आता स्टेंटकडे वळू. अरुंद झालेली धमनी उघडी ठेवणारी ही बारीक जाळी. साध्या धातूच्या जाळीत पेशींची जादा वाढ होऊन धमनी पुन्हा अरुंद होई. ही वाढ रोखण्यासाठी जाळीवर सिरोलिमस या औषधाचा लेप देण्यात आला. हे औषध ईस्टर बेटावरील मातीतल्या एका सूक्ष्म जंतूपासून मिळाले. त्यावर वर्षानुवर्षे काम करणारे डॉ. सुरेन सहगल हे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले होते. असा स्टेंट माणसाला प्रथम बसवला तो डिसेंबर १९९९ मध्ये, ब्राझीलमधील साओ पावलो येथे.

पालकहो, पुढची गोष्ट घरोघरी सांगण्यासारखी आहे. हा लेप नको असलेली वाढ रोखतो, तसाच हवे असलेले अस्तर तयार होण्यासही उशीर लावतो. तोवर जाळीवर एकाएकी गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. यासाठीच ॲस्पिरिनच्या जोडीला दुसरी गोळी काही महिने देतात. आता बरे वाटते, दात काढायचा आहे, खर्च परवडत नाही किंवा रमजानचे रोजे आहेत, अशा कोणत्याही कारणाने ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रोजे धरण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा, आणि सहरी व इफ्तारच्या वेळी गोळ्या घेता येतील का, ते विचारा. घरातील शिकत्या मुलामुलींनी दादा-दादी, नाना-नानींच्या गोळ्या संपण्याआधीच आणून ठेवाव्यात.

विद्यार्थी मित्रांनो, या कामात डॉक्टरांइतकेच रसायन, कापड आणि धातू जाणणारेही लागतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉक्टर व इंजिनियर यांनी मिळून हृदयाची कृत्रिम झडप बनवली आणि १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसवली. बारीक रक्तवाहिनीचा प्रश्न मात्र अजून सुटायचा आहे. तो सोडवणारे कोणी तुमच्यातून निघावे, एवढी इच्छा आहे.