खोक्यावरचा आकडा



गावच्या अभ्यासिकेस संगणक भेट द्यावा म्हणून आम्ही काही मंडळींनी पगारातून दिरहॅम बाजूला काढले आणि बर दुबईतील खालिद बिन अल वलीद मार्गावरचा संगणक-बाजार गाठला. मेमरीच्या खोक्यावर '3200' हा आकडा पाहून आम्ही हरखलो. गावी यंत्र सुरू झाले तेव्हा निदर्शनास आले, की मेमरी 2400 च्याच वेगाने चालते. विक्रेता खोटे बोलला नव्हता. आम्हीच अर्धे सत्य विकत घेतले होते.

हा आकडा काय सांगतो? या 'डीडीआर-4' मेमरीचे घड्याळ सेकंदाला कमाल 160 कोटी ठोके देते, म्हणजे 1600 मेगाहर्ट्झ. प्रत्येक ठोक्यात माहितीची दोनदा ने-आण होते, म्हणून 3200. दर खेपेस 8 बाइट जातात, म्हणून त्याच पट्टीवर 25600 असेही छापतात. तो सेकंदाला जाणाऱ्या मेगाबाइटांचा कमाल हिशेब. वस्तू एक, आकडे तीन! जुन्या 'पीसी-3200' पट्टीवरचा 3200 मात्र मेगाबाइटांचा असे. ती हिच्या एक अष्टमांश वेगाची.

शिवाय प्रोसेसर आणि मदरबोर्ड जेवढी वाट देतील तेवढ्याच वेगाने मेमरी धावते. रुंद रस्ता पुढे अरुंद झाला की वेगवान मोटारही खोळंबते, हे शारजाहून दुबईस रोज येणाऱ्यांना सांगावयास नको. आमच्या यंत्राची मर्यादाच 2400 होती.

खरे शल्य निराळेच होते. वेगाच्या मोहात आम्ही 4 जीबीची एकच पट्टी घेतली होती. मेमरी अपुरी पडली की संगणक डिस्कचा आधार घेतो आणि डिस्क कितीतरी पट संथ असते. परीक्षेचे अर्ज भरणारी मुले पडद्याकडे पाहत ताटकळत. पुढच्या सुटीत आमच्यापैकी एकाने तशीच दुसरी पट्टी नेऊन योग्य खाचेत बसविली. साठा दुप्पट झाला, मेमरीची दुसरी वाटही खुली झाली आणि ताटकळणे संपले.

तेव्हा बंधुभगिनींनो, खरेदीपूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: एकूण मेमरी किती? पट्ट्या किती? मदरबोर्ड व प्रोसेसर किती वेग पेलतात? उत्तर खोक्यावर नव्हे, माहितीपुस्तिकेत शोधावे. घामाच्या पैशाला एवढी चिकित्सा शोभून दिसते.