शाळेतील अन्नछत्र



दुष्काळात मूल शाळा सोडून मजुरीस जाते, व पुढे पाऊस परतला तरी ते शाळेत परतत नाही. यावर यहुदी स्वयंसेवकांनी मुंबईनजीक योजिलेला एक उपाय आम्ही आपणांपुढे ठेवितो. सन २०१२ मध्ये गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई या संस्थेने कळव्याच्या झोपडवस्तीत काम आरंभिले. परदेशांहून आलेले यहुदी तरुण मुलांस शिकवू लागले. पण उपाशी मूल अक्षरे काय गिरविणार? म्हणून वर्गातच गरम जेवण देण्याची व्यवस्था झाली, आणि स्वयंपाक मक्तेदाराकडे न सोपविता वस्तीतीलच स्त्रियांच्या सहकारी मंडळाकडे दिला. एकाच पैशात मुलाचे पोट भरले व वस्तीतील बायांच्या हाती मजुरी पडली. व्यापारी मंडळीस यातील नफा आम्ही काय सांगावा?

जेवणारी मुले यहुदी नव्हती. शेठ डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहून १८६७ साली उघडलेले पुण्याचे रुग्णालयही सर्व धर्मांच्या रोग्यांसाठीच होते.

आमच्या समितीचाही मानस धान्य शाळांतच शिजवून वाढण्याचा आहे. ज्वारी, डाळ, तेल व सरपण हवे. ज्यांस ते शक्य नसेल त्यांनी रोख रक्कम पाठवावी. जमीनदार मंडळींनी वाड्यातील मोठी पातेली पावसाळ्यापर्यंत उसनी दिली, तरी आम्ही आभारी होऊ.