उन्हाळी सुट्टी आणि छोटा माग

(नाशिक येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



नाशिक जिल्हा द्राक्षांचा आणि कांद्यांचा म्हणून सर्वत्र ओळखला जातो. परंतु हा जिल्हा मागांचाही आहे. मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र चालतो, तर येवल्यात आणि आसपासच्या काही गावांत हातमागावर पैठणी विणली जाते. एकाच जिल्ह्यात वस्त्रविद्येची ही दोन्ही रूपे नांदत असताना आमच्या शाळांतील बहुतेक मुलांना कापड कसे तयार होते हे ठाऊक नसते. अंगावरचा सदरा उभ्या-आडव्या धाग्यांचा बनला आहे, हे त्यांनी कधी निरखून पाहिलेले नसते. उन्हाळी सुट्टीत छोट्या मागांचा उपक्रम हाती घ्यावा, असे मी सुचवीत आहे ते याचसाठी.

ही कल्पना नवी नाही

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात घालवावेत, असे सुचविले आहे. विचाराची उणीव कधीच नव्हती. उणीव राहिली ती कृतीची. पुष्कळ ठिकाणी कार्यानुभव म्हणजे बाजारातून आणलेल्या वस्तूंचे प्रदर्शन होऊन बसले.

साधने अगदी साधी

या कामाला मोठा माग नको. वीस सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर उंच असा जाड पुठ्ठा घ्यावा. त्याच्या वरच्या व खालच्या कडेला दर सेंटिमीटरला दोन याप्रमाणे चाळीस खाचा पाडाव्यात आणि त्यांतून सुती दोरा ताणून बांधावा. हा झाला ताणा. आडव्या विणीसाठी जाड सूत, लोकर किंवा जुन्या लुगड्याच्या चिंध्याही चालतात. बोथट सुईने एक धागा वरून, एक खालून, असे विणत जावे आणि जुन्या कंगव्याने वीण ठोकून बसवावी. मोठ्या मागावर फणी जे काम करते तेच येथे कंगवा करतो. ज्या शाळेत सुतारकाम जाणणारे कोणी असेल तेथे लाकडी चौकटीला चुका मारून टिकाऊ माग करता येईल.

हे चालू असताना गणित आपोआप येते. चाळीस धागे, प्रत्येकी तीस सेंटिमीटर, म्हणजे ताण्याला बारा मीटर सूत. पंचवीस सेंटिमीटर विणायचे, दर सेंटिमीटरला चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरी वीस सेंटिमीटरची, म्हणजे आणखी वीस मीटर. मुलांनी हा हिशेब आधी मांडावा आणि मग प्रत्यक्ष किती सूत लागले ते मोजावे. ते जास्तच लागते, कारण धागा सरळ जात नाही, वर-खाली वळत जातो. हे कारण मुलांना शोधू द्यावे, शिक्षकांनी आधी सांगू नये.

पहिल्या तुकड्याच्या कडा बहुधा आत ओढल्या जातात आणि कापड मध्येच कमरेसारखे आवळते. माझ्या स्वतःच्या पहिल्या तुकड्याचे तसेच झाले होते. आडवा धागा ताणून न नेता किंचित कमान करून टाकावा, मग ठोकावा; कडा सरळ राहतात.

पैठणीचे मर्म

दुसऱ्या आठवड्यात दोन रंग घ्यावेत. डावीकडून एक रंग आणि उजवीकडून दुसरा मध्यापर्यंत आणून माघारी वळविला, तर दोहोंच्या मध्ये उभी फट राहते. ती बुजवायची तर दोन्ही धागे वळताना एकमेकांत अडकवावे लागतात. पैठणीच्या पदरातील मोर, पोपट आणि वेली याच युक्तीने उमटतात. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली असते आणि विणकर ती हाताने फिरवितो. म्हणून खऱ्या पैठणीची नक्षी उलट बाजूनेही स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या नकलेत मात्र मागच्या बाजूस बहुधा मोकळे धागे तरंगताना दिसतात.

ज्या मुलीने ही फट स्वतः बुजविली आहे तिला अस्सल आणि नक्कल यांतला फरक सांगावा लागत नाही. हातमागासाठी काही वस्त्रे राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला, २००६ पासून हातमाग चिन्ह आले, पैठणीला भौगोलिक निर्देशनही मिळाले. परंतु पारखी गिऱ्हाईक नसेल तर शिक्का किती राखण करणार? देशात २०१९-२० च्या हातमाग गणनेत विणकर आणि पूरक कामे करणारे मिळून सुमारे ३५ लाख लोक आढळले. दहा वर्षांपूर्वी ते ४३ लाखांवर होते. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया आहेत.

एक इशारा

विणकरांच्या मुलांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आहे. मात्र शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धोक्याविरहित व्यवसायात मदत करण्यास मुभा आहे. या मुभेच्या आडून सुट्टीचा महिना मजुरीत जाऊ शकतो. आपला उपक्रम मजुरीचे दुसरे नाव होता कामा नये. दिवसाला दोन तासांहून अधिक काम नको, ठरावीक नगांची सक्ती नको, आणि विणलेला तुकडा मुलाचाच असावा.

उलट, या उपक्रमात विणकराच्या मुलाला वर्गात प्रथमच मानाचे स्थान मिळू शकेल. जे ज्ञान तो घरून घेऊन येतो त्याची शाळेने आजवर कधी नोंद घेतली? ताण्याची गाठ कशी मारावी हे त्याने इतरांना दाखवावे आणि गुरुजींनीही त्याच्याकडून शिकावे.

पंचायतीने काय करावे

शाळेतील एक खोली किंवा समाजमंदिराची ओसरी तीन आठवडे मोकळी ठेवावी. गावातील वा शेजारच्या गावातील एखाद्या विणकर भगिनीला सन्मानाने बोलवावे आणि तिचे मानधन पहिल्याच दिवशी ठरवावे. कारागिराने फुकट शिकवावे ही अपेक्षा आपण शिक्षकांबाबत कधी करीत नाही. तिच्याबाबत का करावी? शेवटच्या दिवशी प्रदर्शन भरवायचे असेल तर त्यात वाकडे तुकडेही मांडावेत, शेजारी सुताचा हिशेब लावावा.

यांतील सर्वच मुले विणकर होणार नाहीत आणि तशी अपेक्षाही नाही. पण पुढे यांतीलच कोणी अधिकारी होईल, कोणी व्यापारी, कोणी सरपंच. मागावर बसलेल्या माणसाच्या वेळेची किंमत ठरविताना त्यांना आपली वीस सेंटिमीटरची पट्टी आठवली, तरी ही सुट्टी कारणी लागली असे मी समजेन.