पाठ टाचणात आपली पोरं कुठंयत?

(गेवराईच्या बैठकीत केलेलं भाषण)



समोर बसलेल्यांपैकी काही जण यंदा बी.एड.ला शहरात जाणार. हार-नारळ नंतर. आधी ऐका.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. नियमात वीस आठवडे शाळेत जाऊन शिकवायचं आहे. पण कोणत्या शाळेत? हे कुणी विचारत नाही.

माझं बी.एड. जुनं, एका वर्षाचं. पाठ घ्यायला आम्हाला शहरातली चांगली शाळा दिली. बाकावर डॉक्टरांची, प्राध्यापकांची पोरं. मी 'पानी' म्हणालो. मागं बसलेल्या मार्गदर्शकानं टाचणावर लाल शेरा मारला : उच्चार ग्रामीण, सुधारा. सुधारला साला. आरशापुढं उभं राहून ण, ण, ण.

मग एक दोस्त झोपडपट्टीतल्या महापालिकेच्या शाळेत होता, त्याच्या वर्गावर गेलो. तेच टाचण, तोच पाठ. विचारलं, घरात पाणी कुठून येतं? टाचणात अपेक्षित उत्तर : नळातून. एक पोरगी उठली, म्हणाली, "टँकरमधून. आन् भांडण करून." त्या उत्तराला माझ्या टाचणात रकानाच नव्हता. उद्दिष्टं होती, शैक्षणिक साहित्य होतं, फलक लेखन होतं. ती पोरगी नव्हती.

त्याच वर्गात एक नाव दसऱ्यापासून गैरहजर. चौकशी केली तर पोरगा आपल्याच तालुक्यातला. मायबाप शहरात बिगारी करायचे, काम तुटलं, मुकादमाची उचल घेतली, कोयता गेला कारखान्यावर. पोरगं कोपीत. हजेरीपटावर शेरा 'अनियमित'. अनियमित कोण? पोरगं का उचल देणारा? मानसशास्त्राच्या पेपरात आम्ही परदेशी पंडितांचे सिद्धान्त घोकले. फडावरून मार्चात परतलेल्या पोराला कुठून सुरू करायचं, यावर अर्धं पान नव्हतं.

हे आज सुचलेलं नाही. १८८२ साली जोतिरावांनी हंटर कमिशनपुढं सांगितलं, की प्राथमिक शाळांतले मास्तर बहुतेक भटजींचे, ते खालच्या पोरांत मिसळत नाहीत. मास्तर कष्टकऱ्यांतला हवा, नांगराची मूठ धरायला लाज न वाटणारा. सावित्रीमाई तर शिकवायच्या आधी नगरला आणि पुण्याला मिशनरी बायांकडं अध्यापनाचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या. प्रशिक्षण म्हणजे फालतू गोष्ट, असं मी म्हणत नाही. प्रशिक्षण कुणासाठी, एवढंच विचारतोय.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंदचं कॉलेज काढलं, म्हणून आपण शहरात शिकायला गेलो. १९७८ साली नामांतराचा ठराव झाला तर मराठवाड्यात आपली घरं जाळली, पोचिराम कांबळेला मारलं. नाव मिळायला १९९४ उजाडलं. आज बी.एड.च्या प्रमाणपत्रावर बाबासाहेबांचं नाव आहे. प्रमाणपत्राच्या आत काय आहे?

पुढं टीईटी आहे, आणि खासगी संस्थेत देणगीचा आकडा. त्यावर वेगळी बैठक घ्या, ते दुखणं मोठं आहे.

प्रवेश घेताना एकच विचारा : आमचे पाठ महापालिकेच्या शाळेत का नाहीत? एकट्यानं विचारलं तर ऑफिसातून हाकलतील. पंधरा जण जा. लेखी मागा, पोच घ्या.

माझं जुनं टाचण आणलंय, लाल शेऱ्यासकट. मागच्या रांगेपर्यंत फिरवा.